पाहणीच्या फॉर्मवर 'मावशी' कुठे आहे?

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या सरकारी रुग्णालयांत तीन दिवस साजरे होतात. १ मे हा कामगार दिन, ५ मे हा जागतिक हातस्वच्छता दिन आणि १२ मे हा फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जयंतीचा परिचारिका दिन. एका दिवशी झेंडा लागतो, दुसऱ्या दिवशी हात कसे चोळावेत याची चित्रे भिंतीवर लागतात, तिसऱ्या दिवशी परिचारिकांच्या हाती गुलाबाचे फूल आणि मेणबत्ती दिली जाते. फोटो निघतात, वर्तमानपत्रांत छापून येतात. पण या तीन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न व्यासपीठावरून कोणी विचारत नाही.

संबंध आहे आणि तो जीवन-मरणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना रुग्णालयातच किमान एक नवा जंतुसंसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्या दर दहांपैकी सरासरी एकजण दगावतो. म्हणजे माणूस एक आजार घेऊन आत जातो आणि दुसरा आजार त्याला आत फुकट मिळतो. सरकारी रुग्णालयात कोण जातो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आपली माणसे तिथे खाटेवर असतात, खाटा कमी पडल्या की खाटेखाली असतात आणि हातात फडके-बादली घेऊनही आपलीच माणसे असतात.

नांदेडची घटना आठवून पाहा. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. ३ ऑक्टोबरला तत्कालीन खासदार हेमंत पाटील पाहणीला गेले. शौचालय घाण दिसले आणि त्यांनी ते अधिष्ठात्यांना साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे होते. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्या अपमानावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. ते सारे मृत्यू अस्वच्छतेने झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारणे अनेक होती. पण त्या चित्रफितीत आणखी एक प्रश्न होता, तो फारसा कोणी उचलला नाही. ते शौचालय एरवी साफ कोण करतो? तो माणूस त्या दिवशी कुठे होता? त्याची जागा भरलेली होती की रिकामी? खासदारांच्या लेखी शौचालय साफ करणे ही शिक्षा होती. एका वर्गाला जे काम शिक्षा म्हणून दिले जाते, तेच दुसऱ्या वर्गाला जन्मभराची नोकरी म्हणून दिले जाते आणि मग रुग्णालये स्वच्छ का राहत नाहीत म्हणून समित्या नेमल्या जातात!

आता संशोधन काय सांगते ते पाहू. अमेरिकेतील लिंडा एकन या स्वतः परिचारिका आणि समाजशास्त्रज्ञ. त्यांच्या चमूने पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जादा आला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्याच वेळी परिचारिका नोकरीवर नाराज असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी आणि ती 'बर्नआउट' होण्याची, आपल्या बोलीत सांगायचे तर पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, जेनी सिमियोटी, एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच राज्यातील १६१ रुग्णालयांतील सात हजारांवर परिचारिकांच्या उत्तरांची सांगड संसर्गाच्या आकडेवारीशी घातली. जिथे परिचारिकेमागे रुग्ण जास्त, तिथे लघवीच्या मार्गाचे आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचे संसर्ग जास्त, हे दिसलेच. पण परिचारिकांचे पिचून जाणे हिशेबात धरल्यावर रुग्णसंख्येचा वेगळा परिणाम मागे पडला आणि पिचून जाण्याचा परिणाम तेवढा उरला. हा थकवा ३० टक्क्यांनी कमी झाला तर वर्षाला सहा हजारांवर संसर्ग टळतील, असा अंदाज त्यांनी मांडला.

हे अमेरिकेचे आकडे आहेत, ते जसेच्या तसे परभणीला किंवा भांडुपला लावता येणार नाहीत. तिथे एका परिचारिकेमागे सरासरी जेमतेम सहा रुग्ण होते. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. हा निकष कागदावर आहे. नातेवाईक म्हणून ज्याने जनरल वॉर्डात रात्र काढली आहे, त्याने रात्रपाळीची एकटी सिस्टर तीस-चाळीस रुग्णांमध्ये धावताना पाहिलेली आहे.

थोडे साधे गणित करू. अल्कोहोलच्या द्रावणाने हात नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद. समजा, एका पाळीत एका रुग्णाला फक्त सहा वेळा हात लावायचा आहे आणि प्रत्येक वेळी एकदाच हात चोळायचे आहेत. तीस रुग्ण असतील तर १८० वेळा हात चोळावे लागतील. अर्ध्या मिनिटाने गुणले तर दीड तास झाला. आठ तासांच्या पाळीत दीड तास नुसते हात चोळण्यात! मग इंजेक्शन कोणी द्यायचे, सलाईन कोणी बदलायचे, नोंदी कोणी करायच्या? तेच पाच रुग्ण असतील तर हा वेळ पंधरा मिनिटांवर येतो. भिंतीवर चित्र लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाटीवर मांडून पाहावा. सिस्टरला हात धुवायचे माहीत नाही म्हणून संसर्ग होतो, की तिला तीस माणसे वाटून दिली म्हणून?

आणि हात कोणाचे अस्वच्छ असतात, याचाही इतिहास मोठा बोलका आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने दहा टक्क्यांच्या वर बायका मरत, सुईणींच्या विभागात त्याहून कितीतरी कमी. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी कारण शोधले. डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावर १८४८ मध्ये मृत्यू सव्वा टक्क्याच्या आसपास आले. पण प्रतिष्ठित डॉक्टरांना राग आला. सभ्य माणसाचे हात घाण कसे असतील? पुढे दीडशे वर्षांनी, २००० मध्ये जिनिव्हाच्या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे मोहीम राबवल्यावर हातस्वच्छतेचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले. सुधारणा परिचारिकांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी केली, डॉक्टर मात्र होते तिथेच राहिले.

सोवळे-ओवळे ज्या देशात हजारो वर्षे पाळले गेले, त्या देशाला हे समजायला जड जाऊ नये. सोवळ्यात कोणाचा हात शुद्ध हे जन्मावर ठरते. जंतूला जन्म कळत नाही. त्याला हात धुतला की नाही एवढेच कळते. आपल्याकडे बाळंतपण हा विटाळ ठरवला गेला म्हणून सुईणपण खालच्या ठरवलेल्या जातींच्या बायकांवर आले. रक्त, पू, लघवी, विष्ठा, प्रेत यांना हात लावणारा तो हलका, ही समजूत आधुनिक रुग्णालयाच्या इमारतीतही शिरली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य समाजातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. रुग्णसेवेत संसर्ग होऊन गेलेल्या या माऊलीचा फोटो १२ मेच्या कार्यक्रमात नाइटिंगेल यांच्या शेजारी क्वचितच दिसतो. असो.

आपल्याकडेही परिचर्या महाविद्यालयांतून या विषयावर दरवर्षी प्रबंध होतात. त्यांचा साचा ठरलेला आहे. अमुक रुग्णालयातील परिचारिकांचे संसर्ग नियंत्रणाविषयीचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. तीस-चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, साठ किंवा शंभर परिचारिका, मग एक व्याख्यान, पुन्हा तीच प्रश्नावली, आणि शेवटी शिक्षण-कार्यक्रम परिणामकारक ठरला असा निष्कर्ष. आम्ही या मुलींची चेष्टा करीत नाही. कालपर्यंत जिला डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभे केले जाई, ती आज प्रश्न विचारते आणि आकडे मांडते, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रश्न कोणता विचारला यावर उत्तर ठरते. 'तुम्ही प्रत्येक रुग्णानंतर हात धुता काय?' या प्रश्नावर 'नाही' अशी खूण कोण करील? पाहणारा वही घेऊन उभा असला की सगळेच हात धुतात. समाधानाच्या पाहणीचेही तेच. फॉर्म मेट्रनच्या टेबलावर भरायचा आणि त्यात वरिष्ठांच्या वागणुकीला गुण द्यायचे! मग समाधान वाढवण्यासाठी योगाचे शिबिर भरवले जाते. रिकाम्या जागा तशाच राहतात.

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांची कथा वेगळी नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा वीस हजारांच्या खाली पगार नसावा अशी शिफारस केली होती. आपल्या भागातील छोट्या नर्सिंग होममध्ये एखाद्या मुलीला विचारून पाहा, तिला किती मिळतात.

तरीही सिस्टरला निदान फॉर्म तरी मिळतो. आता मूळ मुद्द्यावर येऊ. मराठी रुग्णालयात सगळी नात्याने बोलतात. परिचारिका ती सिस्टर, वॉर्डबॉय तो मामा, आया आणि सफाई करणारी ती मावशी. जमीन पुसणारा, बेडपॅन उचलणारा, रक्ताने भिजलेली चादर गोळा करणारा, कचऱ्याची पिवळी पिशवी बांधणारा हात मावशीचा. एका खाटेवरचा जंतू दुसऱ्या खाटेवर जाण्यापासून अडवणारा पहिला पहारेकरी तीच. पण ज्ञान-दृष्टिकोन-आचरणाच्या पाहणीत ती बहुतेक वेळा नसते. समाधानाच्या पाहणीत तर नसतेच. नात्याने मावशी आणि हजेरीपटावर कोणीच नाही, कारण ती ठेकेदाराची!

आमच्या ओळखीच्या एक मावशी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ठेकेदारामार्फत काम करीत. पिवळ्या पिशवीत कोणीतरी वापरलेली सुई टाकली होती. पिशवी उचलताना ती तळहातात घुसली. त्या इन्चार्ज सिस्टरकडे गेल्या. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, साबणाने हात धुवा आणि तुमच्या सुपरवायझरला सांगा." सुपरवायझर म्हणाला, "काम नीट करायचं ना, मावशी. उद्या सुट्टी घेतलीत तर खाडा पडेल." नोंद कुठेच झाली नाही. ती सिस्टर आपल्याच समाजाची होती, हेही सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती रुग्णालयाच्या जिन्यावर पायरी-पायरीने दिसते. डॉक्टर सिस्टरला झिडकारतो, सिस्टर मामाला, मामा मावशीला. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे म्हणून प्रत्येकजण ही उतरंड सांभाळतो.

त्या सुईत काय होते? लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस-बी च्या रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता शंभरात तीसपर्यंत असते. एचआयव्हीची शक्यता हजारात सुमारे तीन. लोक घाबरतात एचआयव्हीला, पण मोठा धोका हिपॅटायटिस-बी चा आहे आणि त्यावर स्वस्त लस उपलब्ध आहे. एचआयव्हीसाठीही प्रतिबंधक गोळ्या आहेत. त्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. या गोळ्या रुग्णालयातच असतात. मावशी त्यांच्यापासून दोन मजल्यांवर उभी होती.

कायदा काय म्हणतो? जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे, रुजू होताना आणि नंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणी व प्रशिक्षण देणे, संरक्षक साधने पुरवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. नियमात 'आरोग्य कर्मचारी आणि इतर' असे शब्द आहेत. म्हणजे 'ती आमची नाही, ठेकेदाराची आहे' ही पळवाट इथे चालत नाही. पण व्यवहार पाहा. या लसीचे तीन डोस असतात, तिसरा सहाव्या महिन्यात. ठेका बदलला, बाई बदलली की तिसऱ्या डोसाची आठवण कोणी ठेवायची?

ठेकेदारीचा आणि जंतूंचा थेट संबंध दाखवणारा अभ्यासही झाला आहे. इंग्लंडमधील १२६ सरकारी रुग्णालय-संस्थांची २०१० ते २०१४ ची आकडेवारी तपासून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथे सफाई बाहेरच्या कंपनीकडे होती, तिथे औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए या जंतूचे प्रमाण दर लाख खाट-दिवसांमागे २.२८ होते. जिथे सफाई कामगार रुग्णालयाचे स्वतःचे होते, तिथे १.४६. ठेक्याच्या ठिकाणी खाटेमागे सफाई कामगार कमी होते, रुग्णांना स्वच्छता कमी वाटत होती आणि हात धुण्याची सोय कमी असल्याचे तिथले कर्मचारीच सांगत होते. ठेका स्वस्त पडतो, हेही त्याच अभ्यासात आहे. ते लपवण्याचे आम्हाला कारण नाही. प्रश्न एवढाच की वाचलेला पैसा कोणाच्या अंगावर वळ उमटवून वाचला? सफाई कामगाराच्या पगारातून आणि रुग्णाच्या जखमेतून. स्कॉटलंडने २००८ मध्येच सरकारी रुग्णालयांची सफाई खासगी कंपन्यांना देणे थांबवण्याचा निर्णय घेतला, तो संसर्गाच्या साथींतून शिकून.

आपले सरकार उलट दिशेने चालले. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांतून भरतीच्या विरोधात राज्यातील सरकारी परिचारिकांना संपावर जावे लागले. ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, असंतोष वाढल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. तो कागद रद्द झाला म्हणून रुग्णालयांतील सफाईचे ठेके रद्द झाले नाहीत. कंत्राटात आरक्षण नाही, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला जी कायम नोकरी मिळत होती, तिलाही कायम पदच उरले नाही तर अर्थ काय राहणार? गंमत अशी की आरक्षण नसतानाही झाडूच्या ठेक्यावर कोणत्या समाजाची माणसे येतात ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे गुणवत्तेची ओरड कधी ऐकू येत नाही!

आपल्या संघटनांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. परिचारिकांची संघटना वेगळी, चतुर्थश्रेणीची वेगळी आणि ठेक्यावरच्यांची कुठलीच नाही. परिचारिका संपावर जातात तेव्हा मावशीचा प्रश्न मागणीपत्रात नसतो, म्हणून मावशीही त्यांच्यासाठी थांबत नाही. परिचर्या महाविद्यालयांत आपल्या समाजातील पुष्कळ मुली शिकत आहेत. पुढचा प्रबंध करताना त्यांनी मामा आणि मावशींना नमुन्यात घ्यावे. प्रश्न मराठीत आणि तोंडी विचारावेत, मेट्रनच्या टेबलापासून दूर. तुम्हाला सुई कधी टोचली? कोणाला सांगितले? पुढे काय झाले? हातमोजे कोणत्या मापाचे मिळतात आणि किती दिवस पुरवावे लागतात? रुग्णालयात पाणी कधी जाते? जेवायला कुठे बसता?

प्रबंधाची वाट न पाहता कार्यकर्त्यांनाही एक काम करता येईल. आपल्या जिल्हा किंवा पालिका रुग्णालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. ठेक्यावरच्या किती सफाई कामगारांना हिपॅटायटिस-बी चे तिन्ही डोस मिळाले, गेल्या वर्षभरात सुई टोचल्याच्या किती घटना नोंदल्या आणि त्यांत सफाई कामगार किती, मंजूर पदे किती आणि भरलेली किती. नोंदवहीत शून्य लिहिलेले असेल तर तिची प्रतही मागा. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आलेली उत्तरे, आणि न आलेल्या उत्तरांची यादीही, संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही ती रुग्णालयनिहाय छापू.